नाव, गाव, तारीख

विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. तो पुण्याला राहत असताना त्याच्या व्हरांड्यात एका लहान टेबलावर फळे, केक, मुरंबे झाकून ठेवलेले असत. मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाचे चारही पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले होते आणि टेबल भिंतीपासून इंचभर सरकवले होते. तरी मुंग्या पाणी ओलांडून आल्याच. मग पायांना पाण्याच्या वरच्या बाजूला टर्पेंटाइनचा पट्टा ओढला. काही दिवस गोडधोड सुखरूप राहिले आणि पुन्हा मुंग्या हजर. त्या येतात कुठून, याचा छडा साइक्सला एके दिवशी लागला. एक मुंगी भिंतीवरून चढत खाऊच्या फूटभर वर गेली, तिथे तिने अंग सोडून दिले आणि ती थेट टेबलावर पडली.

दुसरा कोणी असता तर हा किस्सा चार मित्रांत सांगून विसरला असता. साइक्सने तो लिहून काढला, मुंगीच्या अंगाचे बारकाईने वर्णन केले, तिला शास्त्रीय नाव दिले आणि १८३५ साली लंडनच्या एंटॉमॉलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात सगळे छापून आणले. त्याच लेखात आणखी दोन मुंग्या आहेत. एक झाडावर शेणाच्या पातळ पापुद्र्यांचे घर बांधणारी. दुसरी गवताचे बी साठवणारी. पावसाळा संपता संपता वादळी सरी कोसळल्या की ही मुंगी बिळात भिजलेले बी तोंडात धरून एकेक करून बाहेर आणते आणि उन्हात वाळत घालते. पुण्याच्या परेड मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर साइक्सने अशा बियांचे लहान लहान ढीग पाहिले. तिचे आजचे नाव फायडोली प्रोव्हिडेन्स.

या साध्या नोंदीचे वजन समजायला तेव्हाचा युरोप डोळ्यांसमोर आणावा लागतो. मुंगी पावसाळ्याची बेगमी करते हे आपल्याकडे शेंबडे पोरही सांगेल. पण तिकडच्या थंड प्रदेशातल्या मुंग्या धान्य साठवत नाहीत. त्यामुळे तिथल्या नावाजलेल्या कीटकतज्ज्ञांनी जुन्या ग्रंथांतली साठवणाऱ्या मुंगीची गोष्ट जवळजवळ निकालात काढली होती. मुंग्या आपले पांढरे कोष उचलून नेतात, ते पाहून लोकांना धान्य वाटले असावे, असा त्यांचा कयास. विल्यम कर्बी हा इंग्लंडमधल्या मधमाश्यांच्या अभ्यासाचा पाया घालणारा पाद्री, तोही याच मताकडे झुकलेला. साइक्सने आपल्या लेखातल्या शेणाचे घर बांधणाऱ्या मुंगीला याच कर्बीचे नाव दिले आणि त्याच लेखात पुण्याच्या मैदानावरचा पुरावा ठेवला. वाद मतांनी मिटला नाही. अमुक ठिकाणी, अमुक हवामानात, अमुक मुंगी काय करते, हे कुणीतरी पाहून लिहिले म्हणून मिटला.

रानटी मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या हे एकाच गणातले सोयरे. मुंगी म्हणजे गांधीलमाशीच्याच वंशातली, जमिनीवर उतरलेली शाखा. कामकरी मुंगीला पंख नसतात, पण राणी आणि नर यांना असतात, म्हणूनच पावसाळ्याच्या तोंडाशी दिव्याभोवती पंखवाल्या मुंग्या जमतात. (वाळवी मात्र या कुळातली नाही, तिचे नाते झुरळाशी आहे.) या गणाची ओळख पटवणे आणि नोंद ठेवणे हे काम भारतात सुरू झाले त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे, आणि पुणेकरांनाही तो फारसा ठाऊक नाही.

साइक्सनंतर साधारण अर्ध्या शतकाने मुंबई इलाख्यात रॉबर्ट चार्ल्स रॉटन हा वनाधिकारी मुंग्यांच्या नादी लागला. त्याने १८९२ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये ‘आपल्या मुंग्या’ अशा आशयाचा दीर्घ लेख लिहिला. साताऱ्यात जन्मलेला, सरकारी नोकरीनिमित्त इलाखाभर फिरणारा आणि ‘एहा’ या सहीने लिहिणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हाही मुंग्या टिपून पाठवणाऱ्यांतला. या मंडळींच्या कुप्या जात स्वित्झर्लंडला, ऑगस्ट फोरेलकडे. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या मोठ्या मनोरुग्णालयाचा प्रमुख. पण मुंग्यांचे वेड बालपणापासूनचे. पुढे स्विस नॅशनल बँकेने हजार फ्रँकच्या नोटेवर एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला मुंग्या छापल्या. या फोरेलने भारत आणि श्रीलंकेतल्या मुंग्यांवरची आपली लेखमाला १८९२ पासून मुंबईच्या त्याच जर्नलमध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केली. झुरिकचा डॉक्टर, पुण्याची मुंगी, मुंबईचा छापखाना.

त्यातल्या एका मुंगीची कथा मला फार मोलाची वाटते. रॉटनने पुण्यातून पाठवलेली ही मुंगी इतकी लहान की नुसत्या डोळ्यांना पिवळसर ठिपका दिसावा. फोरेलला तिच्यासाठी नवी प्रजातीच (जातींच्या वरचा गट) मांडावी लागली, इतकी ती वेगळी वाटली. दोन वर्षांत त्यानेच ती मोडली. मुंगी वेगळी वाटली याचे कारण तिचे काही नर बिनपंखी, दिसायला कामकरी मुंगीच्या वळणाचे. नराला पंख असायचेच, हा मुंग्यांतला जवळजवळ अटळ नियम इथे मोडला होता. हे नर वारुळाबाहेर जातच नाहीत, आतच जन्मलेल्या राण्यांशी मीलन करतात आणि दुसरा नर पुढे आला तर त्याचा जीव घेतात. आज तिचे नाव कार्डिओकोंडायला रॉटनाय. तिच्या कुळावर युरोपातल्या प्रयोगशाळांत आजही काम चालते. पुढे रॉटन सस्तन प्राण्यांकडे वळला आणि सोसायटीच्या गाजलेल्या सस्तन प्राणी पाहणीतला मोठा भार त्याने उचलला, पण माझ्या लेखी त्याची खरी कमाई त्या मुंग्यांच्या कुप्या.

चार्ल्स बिंगहॅम या ब्रह्मदेशात काम केलेल्या वनाधिकाऱ्याने हे सगळे दोन खंडांत बांधले. गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड १८९७ साली आला, मुंग्यांचा १९०३ साली. सव्वाशे वर्षे होत आली तरी आपल्याकडचा अभ्यासक अजून हे खंड उघडतो. हे त्या ग्रंथकर्त्याचे थोरपण खरे, पण आपण मधल्या काळात किती थोडे लिहिले याचीही ती खूण आहे, आणि मला ती बोचते.

ओळख पटवायची म्हणजे नेमके काय करायचे? अंगणातला मुंगळा घ्या. छाती आणि पोट यांच्या मधल्या बारीक कंबरेकडे भिंगातून पाहा. तिथे एकच उभी गाठ दिसते. आता घराच्या पायरीशी कडकडून डसणारी लहान लाल मुंगी घ्या. तिच्या कंबरेला एकामागून एक दोन गाठी दिसतील. एक गाठ की दोन, या पहिल्याच प्रश्नाने मुंग्यांची निम्मीअधिक घराणी वेगळी पडतात. मुंगळ्याला नांगी नाही. तो जबड्याने चावतो आणि शेपटाकडच्या, केसांच्या झालरीने वेढलेल्या छिद्रातून आम्ल सोडतो. लाल मुंगी खरोखरच नांगी मारते. पुढे तिच्या मिशांचे सांधे मोजायचे. ते दहा भरले आणि टोकाचे दोन फुगीर असले, तर बहुधा ती सोलेनॉप्सिस जेमिनाटा, म्हणजे मूळची अमेरिकेतली, माणसाच्या मालाबरोबर उष्ण प्रदेशांत पसरलेली मुंगी. पायरीखाली पिढ्यान्‌पिढ्या राहणारी वाटते ती परदेशी पाहुणी निघते. ती आपल्या गावात कधी शिरली, तिने कोणाची जागा घेतली, हे सांगता येत नाही, कारण तेव्हा कुणी लिहून ठेवले नाही.

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मुंगी टाचणीवर चढवताना मी पाहिली. टाचणी मुंगीत टोचत नाहीत, मुंगी त्याला पुरी पडत नाही. जाड कागदाचा लहानसा त्रिकोण कापतात, टाचणी त्याच्या रुंद बाजूला टोचतात आणि निमुळत्या टोकावर डिंकाचा कण ठेवून मुंगीला मधल्या आणि मागच्या पायांच्या मध्ये चिकटवतात. डोके, मिशा, कंबर सगळे मोकळे राहायला हवे. डिंक कंबरेला लागला तर सगळी मेहनत पाण्यात. मग त्याच टाचणीत खाली एक चिठ्ठी, बोटाच्या पेराहून लहान: राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख, कशावर सापडली, कोणी गोळा केली. मुंगीचे नाव त्या चिठ्ठीवर नसते. ते दुसऱ्या चिठ्ठीवर येते, ओळखणाऱ्याच्या नावासह, कारण नाव बदलू शकते. गाव आणि तारीख बदलत नाही.

मला यात फार मोठे शहाणपण दिसते. आपल्या शाळा-कॉलेजांत काचेच्या पेट्यांतून माश्या, भुंगे, फुलपाखरे टोचून ठेवलेली असतात, खाली सुबक अक्षरांत नुसते नाव. गाव नाही, तारीख नाही. असा कीटक विनाकारण मेला, असे मी म्हणेन. एखादे पोर मोबाइलवर धूसर फोटो काढते, पण त्याबरोबर जागा आणि वेळ आपसूक नोंदली जाते, तो फोटो त्या पेटीपेक्षा शतपटीने कामाचा.

वेगळे नाव का लागते, हे भीमाशंकरच्या भुंग्यांनी फार सुंदर दाखवले आहे. भुंगा आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. काळाकुळकुळीत, निळसर झाक मारणाऱ्या पंखांचा, घराच्या वाशाला किंवा वठलेल्या फांदीला गोल भोक पाडून राहणारा. ही एकेकटी राहणारी मोठी मधमाशीच, शास्त्रीय भाषेत झायलोकोपा. भीमाशंकरच्या जंगलात अशा तीन जाती शेजारी शेजारी नांदतात. हेमा सोमनाथन आणि बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या रेनी बोर्जेस यांनी स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या एरिक वॉरंट आणि अल्मुट केल्बर यांच्यासोबत त्यांचा अभ्यास केला. एक जात दिवसा उडते. दुसरी दिवसाच, पण कधीमधी संधिप्रकाशातही बाहेर पडते. तिसरी, झायलोकोपा ट्रँक्वेबारिका, ही पक्की निशाचर. चंद्र नसलेल्या रात्रीही ती नुसत्या चांदण्यांच्या उजेडात फुलांवर जाते आणि आपल्या वठलेल्या फांदीतल्या भोकाशी अचूक परत येते.

माणसाला त्या अंधारात आपला हात धड दिसत नाही, रंगाची तर गोष्टच सोडा. संशोधकांनी घराच्या दाराशी रंगीत खुणा लावल्या आणि कोणता रंग आपल्या दाराचा, हे ही माशी त्या उजेडात शिकते का, ते तपासले. ती शिकली. २००८ साली हे प्रसिद्ध झाले. तिच्या डोळ्याची मूळ घडण दिवसा उडणाऱ्या माश्यांसारखीच आहे, म्हणून तर हे नवल. अशा डोळ्याने तारकाप्रकाशात रंग ओळखता येत असेल, असे कुणाच्या मनातही आले नसते. आता कल्पना करा, तिन्ही जातींची नोंद वहीत ‘भुंगा’ एवढीच झाली असती. मग दिवसा दिसणारे आणि रात्री दिसणारे भुंगे एकाच हिशेबात पडले असते, आणि या बातमीचा मागमूस लागला नसता. अशीच दुसरी गोष्ट उडी मारणाऱ्या मुंगीची. थॉमस जेर्डनने १८५१ साली दक्षिण भारतातून तिचे वर्णन केले, हार्पेग्नॅथोस सॉल्टेटर. मोठे डोळे, लांब जबडे, सह्याद्रीत भेटते. जगात ज्या दोन मुंग्यांचा जनुकसंच सर्वांत आधी, २०१० साली, वाचला गेला त्यातली ती एक.

गांधीलमाशीच्या वाट्याला मात्र आपल्याकडे राग आणि रॉकेलच येते. वळचणीला लोंबणारे कागदी पोळे दिसले की चूड पेटवली जाते. त्यातली रोपालिडिया मार्जिनाटा ही जात राघवेंद्र गडगकर यांनी बंगळुरूला दशकानुदशके पाहिली आणि त्या साध्याशा पोळ्यातून राणी कोण, वारस कोण, कामकऱ्यांचे हित कशात, असे प्रश्न सोडवत जगभर ऐकला जाणारा अभ्यास उभा केला. खिडकीच्या चौकटीत मातीची घरे करणारी कुंभारीण तर कुणाच्या वाटेलाही जात नाही. तिचे जुने रिकामे घर काळजीने फोडून पाहा. आत कोळ्यांचे अवशेष असतील तर घर एका घराण्याचे, अळ्यांचे असतील तर दुसऱ्याचे. उंबर फोडल्यावर आत वळवळणारे किडे पाहून तोंड फिरवणाऱ्यांना सांगायला हवे की त्याही अगदी चिमुकल्या गांधीलमाश्याच. त्यांची मादी उंबराच्या टोकाच्या अरुंद वाटेने आत घुसताना पंख गमावते आणि पुन्हा बाहेर येत नाही. तिने आणलेल्या परागांशिवाय उंबराला बी धरत नाही.

मध देणाऱ्या माश्यांबद्दल आपल्याला पुष्कळ ठाऊक आहे. आग्या, सातेरी, फुलोरी, नांगी नसलेली पोया, ही नावे डोंगरातल्या माणसाच्या तोंडी असतात. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आहे. महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली देशातले पहिले मधाचे गाव म्हणून जाहीर झाले. हे चांगलेच आहे. पण भारतात मधमाश्यांच्या सातशेहून अधिक जाती नोंदल्या आहेत आणि मधाची पोळी करणाऱ्या त्यात बोटावर मोजण्याइतक्या. उरलेल्या जमिनीतल्या बिळात, पोकळ काडीत, भिंतीच्या भोकात बहुतेक एकेकट्या राहतात, आणि त्यांचे काम आपल्या ताटात रोज असते.

वांग्याच्या फुलाजवळ सकाळी बसून राहिले की हे दिसते. वांग्याचे पराग उघड्यावर नसतात. ते पिवळ्या नळ्यांत बंद असतात आणि नळीच्या टोकाला बारीक छिद्र असते. सातेरी माशीला ते काढता येत नाहीत. मग निळसर पट्ट्यांची, गुबगुबीत अमेगिला येते. ती एका जागी ठरत नाही, झुकांड्या देत फुलाला लटकते, नळ्या पायांनी कवटाळते, आणि उडतानाचा गुंजारव एकाएकी चढ्या, कर्कश सुरात बदलतो. पंख मिटलेले, पण पंखांचे स्नायू थरथरत असतात. त्या थरथरीने छिद्रांतून परागांची भुकटी तिच्या पोटावर सांडते. दुसऱ्या फुलावर तीच गत. डोळे मिटून बसलात तरी नुसत्या आवाजावरून ती आल्याचे कळेल.

या माश्या कमी झाल्या आहेत का, हे मला शेतकरी विचारतात. मला वाटते, झाल्या आहेत. पण वाटण्याला पुरावा म्हणत नाहीत. जर्मनीतल्या क्रेफेल्ड शहरात हौशी कीटक-अभ्यासकांची १९०५ पासूनची एक संस्था आहे. तिच्या सदस्यांनी १९८९ पासून अभयारण्यांत एकाच मापाचे तंबूवजा सापळे लावले, सापडलेले कीटक दारूत बुडवून बाटल्या जपल्या आणि त्यांचे वजन टिपून ठेवले. २०१७ साली ६३ ठिकाणांचा २७ वर्षांचा हिशेब मांडला, तेव्हा उडत्या कीटकांचे वजन पाऊणपटीहून अधिक घटलेले दिसले. ही बातमी जगभर गेली. कीटक फक्त जर्मनीतच घटले असतील असे नव्हे. सिद्ध करायला बाटल्या त्यांच्याकडे होत्या.

आपल्याकडे अगदीच अंधार आहे असेही नाही. हिमेंदर भारती आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली भारतातल्या मुंग्यांची राज्यवार यादी प्रसिद्ध केली. तीत ८२८ जाती-उपजाती आहेत. अजय नरेंद्र आणि सुनील कुमार यांनी द्वीपकल्पातल्या मुंग्यांचे हाताशी ठेवण्याजोगे पुस्तक २००६ सालीच दिले. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. पण अशा यादीत जिथे अभ्यासक पोचले तिथे जाती अधिक, पोचले नाहीत तिथे कमी. नकाशावरचा कोरा भाग म्हणजे तिथे मुंग्या नाहीत असे नव्हे. तिथे कोणी वाकून पाहिलेले नाही.

आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर फोटो टाकणाऱ्यांनी ही कोरी जागा भरायला सुरुवात केली आहे. त्यांना माझे कळकळीचे सांगणे एवढेच: एक सुंदर फोटो नको, चार साधे द्या. चेहरा समोरून, अंग बाजूने, पाठ वरून, आणि माशी असेल तर पंख पसरलेले, कारण पंखातल्या शिरांनी पडलेले कप्पे मोजून घराणे ठरते. सोबत ती कोणत्या फुलावर होती त्या झाडाचाही फोटो. एवढे करूनही बऱ्याच लहान माश्यांची जात फोटोवरून ठरणार नाही. तिथे प्रजातीवर थांबावे, उगाच पुढचे नाव ठोकून देऊ नये. चुकीचे नाव कोऱ्या जागेपेक्षा वाईट. आणि नमुना गोळा करायचाच असेल तर तो शिकलेल्या माणसाच्या हाताखाली, कामापुरता. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय नाहीच.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितले आहे, आणि त्या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. आपल्या ग्रामपंचायतीतली वही मागून घ्या आणि तीत माश्या-मुंग्यांचे पान आहे का ते पाहा. नसेल तर ते सुरू करायला विदर्भ-मराठवाड्यात तूर फुलोऱ्यात येते तो हंगाम अगदी योग्य आहे. तुरीचे फूल स्वतःच्या परागांवरही फळते, पण परक्या झाडाचे पराग माश्याच आणतात. सकाळी ऊन तापू लागले की बांधावर घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहायचे आणि एका झाडावर येणाऱ्या माश्या तीन रकान्यांत मोजायच्या. पोटाच्या खालच्या बाजूला पिवळे पराग भरलेली, ती पाने कातरणारी मेगाकाइल. मागच्या पायांवर पराग असलेली, ती सातेरी, फुलोरी किंवा अमेगिला. आणि मोठा काळा, तो भुंगा. वर गाव, गट क्रमांक, तारीख, वेळ, ऊन होते की ढग, आणि शेवटची फवारणी कधी व कशाची झाली होती. पुढच्या वर्षी फुलोरा आठवडा-दोन आठवडे मागेपुढे होईल, तेव्हा तारीख धरून बसू नये. पाऊस आणि पेरणीप्रमाणे झाड जेव्हा तितकेच फुललेले असेल तेव्हा त्याच बांधावर पुन्हा उभे राहावे.